लाभार्थी शांत आहे

‘मृताच्या पत्नीने समुपदेशनाच्या सत्रात स्वतः मान्य केले आहे, की घरातील आवाजामुळे त्या दिवशी मृताची झोप पूर्ण झाली नव्हती. व्यक्तिगत संवादोपचार व विश्रांतितंत्रे यांचा क्रम पार पडल्यानंतर लाभार्थी आता शांत आहे व तिची कोणतीही तक्रार उरलेली नाही.’

चौकशी समितीच्या अध्यक्षांनी ही दोन वाक्ये कार्यालयीन हिंदीत, मधल्या स्वल्पविरामांनाही योग्य तो मान देत वाचली, आणि रत्नमालेच्या मनाने ती जुन्या सवयीने मराठीत आणून शवचिकित्सेच्या टेबलावर ठेवावीत तशी समोर ठेवली. हयातभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवले की माणसाला ही एक खोड लागते. वाक्य ऐकले की त्याचे पोट फाडून पाहावेसे वाटते. तिने ‘स्वतः’ हा शब्द आधी उचलला. ज्याच्या मागे दुसरे कुणी उभे नसते त्याला ‘स्वतः’ म्हणण्याची गरज पडत नाही. मग ‘मान्य केले’. मान्य करायला आधी आरोप लागतो, आणि भिलाईच्या रुआबांधा वस्तीतल्या, जिथे ते सत्र झाले त्या दोन खोल्यांच्या घरात आरोप कुणीच केला नव्हता. एक बाई बोलत होती, दुसरी ऐकत होती. ‘घरातील आवाज’: जणू घर नावाच्या पदार्थाला तो आपोआप सुटतो, नासलेल्या दुधाला वास सुटावा तसा. ‘मृताची झोप’ ही तर बहार होती. ज्या दिवसाविषयी हे चालले होते त्या दिवशी दुपारपर्यंत फकिरा मृत नव्हता, चांगला हाडामासाचा होता आणि चहात दोन चमचे साखर घेत होता. मृताची झोप अपुरी राहिल्याचे उदाहरण अद्याप कोणत्याही शास्त्राच्या हाती लागलेले नाही. ‘लाभार्थी’पाशी ती जरा रेंगाळली. लाभ कुणाला झाला हे वाक्यात सांगितलेले नव्हते, पण टेबलाच्या पलीकडच्या चेहऱ्यांवर ते वाचता येत होते. राहता राहिला ‘शांत’. ती शांत लाभार्थी रत्नमालेच्या शेजारच्याच खुर्चीवर पदर खांद्याभोवती आवळून बसली होती, आणि तिच्या मानेची शीर अशी फडफडत होती की ती पाहून कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने ‘शांत’ हा शब्द खोडून टाकला असता.

वाक्य खोडणे सोपे नव्हते, कारण ती सत्रे तिनेच घेतली होती आणि त्याच्या खाली रत्नमालेचे नाव होते. सही अजून नव्हती, नाव होते. तिच्या सहीसाठीच आज तिला या खासगी रोलिंग मिलच्या कँटीनवरच्या प्रशिक्षण-कक्षात बोलावले होते. फकिरा याच मिलच्या भट्टीवर कामाला होता. रात्रपाळी करून घरी आला, दिवसा घरी पडला, त्याच दुपारी पुन्हा पाळीवर गेला आणि भट्टीच्या प्लॅटफॉर्मवरून खाली गेला. कंपनीचे म्हणणे असे, की त्याला कुणी बोलावले नव्हते, तो जादा पाळीच्या हौसेने आपण होऊन आला आणि उभ्या उभ्या डुलकी लागून पडला. बेबीताईचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, म्हणणे असे, की त्याला बोलावले होते. बोलावल्याचा पुरावा त्याच्या मोबाइलबरोबर भट्टीच्या खड्ड्यात गेला. आता समितीला ठरवायचे होते ते एवढेच: मरण कुणाच्या नावावर घालायचे. आज ते वाक्य टिकले, तर फकिरा आपल्या झोपेने मेला असे कायमचे लिहिले जाणार होते. आणि बेबीताई, जी गेले कित्येक आठवडे मनातल्या मनात स्वतःला नवऱ्याची मारेकरीण समजत होती, ती इथून मोहोरबंद मारेकरीण होऊन घरी जाणार होती. यातले दुसरे कुणाच्याच विषयपत्रिकेवर नव्हते. रत्नमाला इथे आली होती ती त्या दुसऱ्यासाठी.

पहिल्या दिवशी बेबीताईने तिला पाटावर बसवले होते आणि स्वतः उंबऱ्यावर बसली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. ‘तुमी का डाक्टरीन आहे का?’ ‘नाही, मी नुसती ऐकते.’ ‘नुसतं आयकाचे पैसे देते का हो कंपनी? मंग मले लावा ना, मी त जलमभर तेच केलं.’ त्या एका वाक्याने रत्नमालेचा सगळा प्रास्ताविक पाठ गळून पडला होता. रायपूरच्या ज्या संस्थेने तिला या कामावर घेतले होते तिने ‘व्यक्तिगत’ या शब्दाचा अर्थ असा लावला होता, की माणसाच्या घरच्या भाषेत त्याला गप्प करावे. बाजारात हिंदी आणि घरात वऱ्हाडाकडची मराठी बोलणाऱ्या या माणसांसाठी म्हणून मराठी बोलणारी, वयस्क, मऊ आवाजाची बाई हवी होती. ते सारे रत्नमालेकडे होते. तिने रीतीप्रमाणे स्नायू सैल सोडण्याचा अभ्यास काढला. ‘मूठ आवळा. आणखी घट्ट. आता हळूच सोडा.’ बेबीताईने मूठ आवळली आणि सोडलीच नाही. ‘सोडा आता.’ ‘नाई सोडत.’ ‘का?’ ‘कावून सोडू? माही मूठ हाय.’ श्वासाचेही तेच. आत घ्या म्हटले की घेई, बाहेर सोडा म्हटले की डोळे मोठे करून बसून राही, आणि शेवटी खोकला येऊन दोघी हसत. प्रत्येक अभ्यासाचा पहिला अर्धा भाग तिला मंजूर होता, दुसऱ्याला तिची ठाम ना होती. संस्थेच्या कोष्टकात याला ‘प्रतिरोध’ असे नाव होते आणि त्यापुढे एक लाल खूण करायची सोय होती. रत्नमालेने ती खूण केली नाही. तिला त्या मुठीचा हेवा वाटला होता.

मग एकदा तिने सांगितले होते, ‘डोळे मिटा, आणि एखादी शांत जागा आठवा. जिथं काही आवाज नाही, कुणी हाक मारत नाही, अशी.’ बेबीताईने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलली: ‘असी जागा त आमचंच घर होतं, बाई. दिवसभर. मोनूचा बाप नाइट करून आला का मी भांडं भांड्याले लागू नाई देत होती. कुकर चढवला का मी त्याच्या जवळच उभी. सुसू करून राहिला का बंद. शिट्टी होऊच नाई दिली कधी, इतक्या सालात. पोरगं पायात चपला घालून नाई फिरलं घरात. अन् त्या दिवशी नळावरून हाक आली, मी गेली, अन् झाली. येकच झाली, पन झाली.’ तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. ‘शिट्टी झाली म्हनून तो जागा झाला. जागा झाला म्हनून फोन घेतला. फोन घेतला म्हनून गेला. गेला म्हनून मेला. आता तुमी सिकलेल्या हाये, तुमीच सांगा, कोनं मारलं?’ शिकलेल्या माणसाला असल्या वेळी शिकवलेले असते, की उत्तर देऊ नये. त्या साखळीच्या चार कड्या होत्या, आणि तिसरी कडी होती फोन. तिने त्या दिवसाचा गोषवारा कराराप्रमाणे संस्थेला पाठवला तेव्हा चारही कड्या पाठवल्या होत्या. अहवालात एकच पोचली होती, पहिली. बाकीच्या तीन वाटेत कुठे गळल्या हे शोधायला फार बुद्धी लागत नव्हती.

अध्यक्ष आता प्लॅटफॉर्मच्या कठड्याची उंची वाचत होते. रत्नमालेचे लक्ष तिथून सुटून कुकरपाशीच घुटमळत राहिले, कारण तो कुकर तिला बेबीताईच्याही आधीपासून ओळखीचा होता. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरमधल्या क्वार्टरात तिची आई याच तऱ्हेने कुकरपाशी उभी राहत असे, ओट्याला पोट टेकून, हात गॅसच्या कळीवर, एखाद्या रागीट पाहुण्याच्या तोंडाकडे पाहावे तशी त्या शिट्टीकडे पाहत. वडील, नरहरी, मोठ्या कारखान्यात पाळीवर होते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात खिडकीवर काळी चादर लागे. ती चादर म्हणजे सबंध ब्लॉकला हुकूम होता. भाजीवाला ती पाहून आपली आरोळी गिळी आणि पुढच्या ब्लॉकपाशी मोकळी करी. पोस्टमन कडी न वाजवता फटीतून पत्र सरकवी. खाली क्रिकेट खेळणारी पोरे चौकार मारल्यावर ओरडत नसत, नुसते हात वर करून नाचत, आणि वरून पाहणाऱ्याला ती सारी मुकी पोरे वाटावीत. कडीला चिंधी बांधलेली असे. रेडिओ टॉवेलात गुंडाळून बातम्यांपुरता कुजबुजे. रत्नमाला आठवड्याच्या हिशेबाने मोठी झाली. एका आठवड्यात ती हसत असे, दुसऱ्यात नसे. तिचा तो मऊ, तळाशी बसलेला आवाज, ज्याचे कॉलेजात कौतुक झाले आणि ज्यावर ‘अत्यंत आश्वासक’ असा शेरा मारून संस्थेने तिची नेमणूक केली, तो काही देवाने दिलेला नव्हता. तो त्या काळ्या चादरीखाली कमावलेला होता. पुस्तकांत तिने पुढे मौनाविषयी पुष्कळ वाचले. साधकाचे मौन, शोकाचे मौन, आजाऱ्याचे मौन. पाळीवाल्याच्या बायकोचे मौन तिला कुठल्याही ग्रंथात सापडले नाही, आणि फार उशिरा तिच्या ध्यानात आले, की ते मौन नव्हतेच, ते काम होते. भट्टीवरची रात्र जितकी पाळी होती तितकीच कुकरपुढची दुपारही पाळी होती. एकीची हजेरी लागे, दुसरीची लागत नसे. आणि ज्या बाईची हजेरी कधी लागलीच नाही, तिची एक गैरहजेरी मात्र आज अध्यक्षांनी स्वल्पविरामासकट वाचून दाखवली होती.

अहवालाचा मसुदा तिच्या मोबाइलवर आला तेव्हा ती पावर हाउस भागातल्या बाजारात मेथी निवडत होती. तिने त्या दोन ओळी वाचल्या, जुडी परत टोपलीत ठेवली, आणि भाजीवाली ‘का हुआ, दीदी, खराब है क्या’ म्हणत असताना तिथेच उभ्याने अपेक्षाला फोन लावला. अपेक्षा संस्थेची समन्वयक होती, आणि त्याआधी रत्नमालेची विद्यार्थिनी, याच भिलाईची, मराठी घरातली, हुशार. ‘मॅम, मी कॉल करणारच होते! तुम्ही ड्राफ्ट पाहिला? क्लायंट एकदम हॅपी आहे.’ ‘क्लायंटला मी सकाळीच भेटून आले, अपेक्षा. ती काही हॅपी दिसली नाही.’ ‘मॅम, क्लायंट म्हणजे कंपनी. बेबीताई टेक्निकली क्लायंट नाहीत. त्या बेनिफिशियरी आहेत.’ ‘आणि तिनं डोळे मिटून मला सांगितलेली गोष्ट कंपनीच्या अहवालात कशी गेली?’ ‘ॲग्रीमेंटमध्ये आहे ना, मॅम, की ओव्हरऑल फाइंडिंग्ज शेअर होतील. देखिए, मैंने सिर्फ समरी बनाई। पूर्ण चेन टाकली असती तर रिपोर्ट खूप निगेटिव्ह वाटला असता.’ ‘तू फोनची कडी काढलीस.’ ‘मॅम, फोन आला होता हे कुठं प्रूव्ह झालंय?’ ‘आणि शिट्टी झाली हे झालंय?’ ‘ते तर त्यांनी स्वतःच सांगितलं!’ या मुलीला तिनेच शिकवले होते, की माणूस जे स्वतःविरुद्ध बोलतो ते बहुधा सगळ्यात कमी विश्वासार्ह असते, कारण दुःखाला अपराधी लागतो आणि सगळ्यात जवळ सापडणारा अपराधी म्हणजे आपण. अपेक्षाने ते उत्तरपत्रिकेत सुरेख लिहिले होते. ‘मॅम, प्लीज, टोन सॉफ्ट ठेवा. तुमची स्ट्रेंग्थ तीच आहे.’ रत्नमालेने फोन बंद केला. मेथी घेतली नाही. ऑटोत बसल्यावर तिच्या लक्षात आले, की ती सबंध वेळ त्याच मऊ, आश्वासक आवाजात बोलत होती, आणि त्या आवाजाची तिला अशी किळस आली, की आपलाच हात चिकट लागावा.

टेबलाच्या पलीकडे, अध्यक्षांच्या डाव्या हाताला प्रशांत बसला होता. तो त्या पाळीचा इनचार्ज. काळ्या चादरीखालच्या त्या मुक्या क्रिकेटवाल्या पोरांच्या पुढच्या पिढीतला. त्याची आई आणि रत्नमाला एकाच जिन्याने वर-खाली करून मोठ्या झाल्या. म्हणून तो तिला मावशी म्हणे, आणि म्हणूनच कंपनीने सहीसाठी त्यालाच तिच्याकडे धाडले होते. तो परवा संध्याकाळी आला, स्कूटर लावली, हातात गरम जिलेबीचा पुडा. ‘का करून राहिल्या, मावशी? टीव्ही नाई का लावला? इतकं शांत कसं राहता तुमी?’ ‘सवय आहे. तुलाही असेल.’ ‘हो ना! आमची आई त पायात पैंजणबी नाई घालू देत होती बहिणीले.’ तो हसला. मग त्याने कागद काढले, आणि तिने ते हातात घेण्याआधी सांगितले, ‘प्रशांत, एक आधी ऐक. हे सत्र नाही. तू इथं जे बोलशील ते मी बाहेर बोलेन. समितीपुढे बोलेन, तुझं नाव घेऊन.’ ‘मावशी, तुमी त मले पेशंट बनवून राहिल्या!’ ‘नाही. पेशंटचं बोलणं मी गिळते. तुझं गिळणार नाही. पुन्हा सांगू?’ ‘सांगा सांगा, का लपवाचं आहे मले,’ असे म्हणून त्याने पुडा सोडला.

त्यानंतर रत्नमालेने काही केले नाही. हे काही-न-करणे हीच तिच्या विद्येतली सगळ्यात अवघड गोष्ट होती. संवादोपचार म्हणजे बोलणे अशी कंपनीची समजूत होती; खरे म्हणजे त्यात एकाने गप्प बसायचे असते, अशा तऱ्हेने, की दुसऱ्याला ती पोकळी सोसवू नये. ती प्रशांतच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, रागाने नाही, मायेनेही नाही, कुकरकडे पाहावे तशी. तो आधी उत्पादनाच्या आकड्यांविषयी बोलला. मग वरच्या साहेबाविषयी, जो फोनवर शिव्याच देतो. मग मुलाच्या कोचिंगविषयी. मग, कुणी विचारलेले नसताना, म्हणाला, त्या दिवशी फकिराच्या जागचा दुसरा माणूस आलाच नव्हता, सांगून पण नाही, आता भट्टी काय विझवून ठेवायची का. तिने मान हलवली नाही. जिलेबीचा पाक पुड्यावर डाग पाडत पसरत गेला. प्रशांतने दोन्ही हातांनी चेहरा चोळला, आणि एकाएकी तो खूप म्हातारा दिसला, आपल्या वडिलांसारखा. ‘मावशी, मले झोप नाई येत. त्या दिवसापासून. गोळी घेतली तरी नाई. ते तुमचं श्वासाचं असते ना, तुमच्या संस्थेच्या रेकॉर्डिंगमंदी, चार मोजून आत अन् सहा मोजून बाहेर, ते मी करून पायलं. तुमचाच आवाज आहे, पन नाई होत. तुमी समोर बसून शिकवा ना मले.’ तिच्या मनात त्या क्षणी दोन माणसे उभी राहिली. एक होती ती सबंध आयुष्य कोणाचीही झोप मोडू न देणारी मुलगी, जिचा हात आपोआप गॅसच्या कळीकडे जातो. समोर बसलेला हा तिच्या जिन्यातला पोर होता, आणि तो थकला होता, आणि त्याला झोपवणे तिला येत होते. दुसरी अजून जन्मायची होती. ‘नाही शिकवत,’ ती म्हणाली. ‘कावून, मावशी?’ ‘तुला झोप लागली, तर तेवढंही कुणी जागं राहणार नाही.’ मग तो रडला नाही, ओरडला नाही. खाली मान घालून, जिलेबीच्या पुड्याशी बोलावे तसा, बोलला. तीनच वाक्ये होती, चार असतील. तिने ती त्याच क्षणी, परीक्षेच्या आदल्या दिवशी विद्यार्थी करतात तशी, पाठ केली. बोलून झाल्यावर त्याने वर पाहिले आणि विचारले, ‘हे नाई ना सांगणार तुमी?’ ‘सांगणार. तुला आधीच सांगितलं होतं.’ ‘मावशी, मी कोणी खुनी नाई.’ ‘तसं मी म्हटलं नाही. मी फक्त सांगणार.’ तो कागद तिथेच टाकून गेला.

त्याच संध्याकाळी रुआबांध्याला जाऊन बेबीताईला सांगावे असे तिला फार वाटले होते. ती चपला घालून दारापर्यंत गेलीही होती. मग दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. काय होईल? बेबीताई ऐकून घेईल, आणि डोळे बारीक करून म्हणेल, ‘चांगल्या आहे, बाई, तुमी. मले बरं वाटावं म्हनून सांगून राहिल्या.’ चार भिंतींत सांगितलेले कोणतेही सत्य आता सांत्वनच ठरणार होते. कंपनीने सांत्वन इतके स्वस्त केले होते, की खरी गोष्टसुद्धा त्याच टोपलीत पडली असती. ते तिला खासगीत सांगून उपयोग नव्हता. ते ज्याने केले त्याच्यादेखत, ज्यांना ते नको होते त्यांच्यासमोर, मोठ्याने सांगितले तरच ते खरे होणार होते. उपचार म्हणजे काय, याची जी व्याख्या ती इतकी वर्षे फळ्यावर लिहीत आली होती ती दाराशी उभी असताना तिच्या हातून पुसली गेली, आणि तिला हलके वाटले. तिने चपला काढल्या. चुकत असेन तर चुकते, असे तिने स्वतःला बजावले. विद्येच्या नीतिशास्त्राला तिने आयुष्यभर मान दिला होता, पण ज्या नीतीने पहिली कडी पुढे पाठवू दिली आणि तिसरी अडवली, तिच्याकडून परवानगी मागायला ती जाणार नव्हती.

‘रत्नमाला मॅडम।’ अध्यक्षांनी चष्मा काढला. ते सौजन्यशील गृहस्थ होते. त्यांनी तिच्यासाठी पंख्याखालची खुर्चीसुद्धा मोकळी करून ठेवली होती. ‘ये निष्कर्ष आपके सत्रों पर आधारित हैं। आपको बस इतना कहना है, कि ये सही हैं। फिर हम बहनजी को भी जाने देंगे, कब से बैठी हैं।’ बहनजींनी हे ऐकले आणि रत्नमालेला कोपराने ढोसून, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा कुजबुजीत विचारले, ‘का म्हने हा?’ ‘म्हणतो, मी हो म्हणावं.’ ‘मंग म्हनून टाका ना, बाई. खरंच हाय ते. मीच सांगतलं होतं तुमाले.’ त्या आवाजात तक्रार नव्हती. एवढ्यापुरता अहवाल अचूक होता, आणि त्या अचूकपणाने रत्नमालेच्या अंगातून जो संताप वर चढला तो इतका थंड होता, की तिचे हात स्थिर झाले.

ती उभी राहिली. ‘सही नहीं हैं,’ ती म्हणाली, आणि तिच्या आवाजाने तिची तीच दचकली. तो मऊ नव्हता, तळाशी बसलेला नव्हता, तो खिडकीच्या काचांवर जाऊन आदळला, आणि बाहेर जिन्यावर चहाचे कप आवरणाऱ्याने आत डोकावून पाहिले. ‘इस औरत ने कुछ स्वीकार नहीं किया। उसने दुख में अपने आप को दोष दिया था। स्वीकार किसी और ने किया है, मेरे घर बैठकर, मेरे चेताने के बाद। वो मैं लिखवाना चाहती हूँ।’ अध्यक्षांनी प्रशांतकडे पाहिले. प्रशांतने टेबलाकडे पाहिले. ‘मावशी,’ तो पुटपुटला, ‘नका ना.’ ‘मॅडम, ये प्रक्रिया में नहीं आता,’ अध्यक्ष म्हणाले. ‘तो प्रक्रिया के बाहर लिख लीजिए। पर लिखिए।’ ‘ठीक है, कहिए। हिंदी में कहिए।’ ‘जिस भाषा में कहा गया, उसी में कहूँगी। अनुवाद आप बाद में करवा लीजिए, आपके यहाँ समरी बनानेवाले बहुत हैं।’ कुणीतरी हसू दाबले. मग तिने समितीकडे पाठ केली. हे सभ्य नव्हते, आणि सबंध आयुष्यात तिने इतके असभ्य काही केलेले नव्हते. ती बेबीताईकडे तोंड करून उभी राहिली, आणि जिलेबीच्या पुड्याशी बोलल्या गेलेल्या त्या गोष्टीतला एकही शब्द न गाळता, एकही न घालता, प्रशांतच्याच बोलीत, खाली मान न घालता म्हणाली:

‘फोन मीच केला होता, मावशी, पन तो नुसता आठवणीचा. सांगतलं त मी त्याले सकाळीच होतं, नाइट करून गेटच्या बाहेर निघून राहिला होता तवाच, का दुपारी तुलेच या लागते, नाई आला त उद्यापासून येऊच नको. तो म्हणे, साहेब, डोये उघडून नाई राहिले, आता घरी जाऊनबी झोप लागनार नाई मले, याच धाकानं. मी म्हटलं, नुसतं उभं त राहाचं आहे, फकिरा, उभं राहाले डोये कायले लागते?’